दोन सीटांचा हिशेब

अपघात झाला, पुराचं पाणी शिरलं, वर झाड पडलं, की विमा कंपनी सर्व्हेयर पाठवते. ते काम मी पुण्यात करते. बॉडीशॉपच्या लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन उभं राहायचं आणि काय मोडलंय, काय दुरुस्त होईल, काय बदलावंच लागेल ते लिहायचं. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो. साधी गाडी घेणारे भाव विचारतात. स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांचं मात्र मनात आधीच ठरलेलं असतं, त्यांना फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं असतं.

यंदा फोन भाच्याचा होता. वय अडतीस, हिंजवडीत नोकरी, घरी क्रेटा, बायको आणि दोन मुलं. त्याने मुंबईतली एक सात वर्षांची पॉर्शे बॉक्स्टर हेरली होती. लाल, कापडी छताची, फार न चाललेली. मालक पन्नास लाख म्हणत होता. "मावशी, कॉलेजात असल्यापासून भिंतीवर हिचं पोस्टर होतं. आता परवडतेय. घेऊ का?"

मी विचारलं, "तुमच्या पार्किंगचा रॅम्प किती खडा आहे?"

त्याला वाटलं मी विषय टाळतेय. पण सुरुवात इथूनच करावी लागते. क्रेटाचं पोट जमिनीपासून १९ सेंटिमीटर वर असतं, अशा दोन सीटांच्या गाडीचं बारा-तेरा. आणि नुसत्या उंचीवर जाऊ नका. पुढच्या चाकांच्याही पुढे नाक किती बाहेर आलंय आणि दोन्ही चाकांत अंतर किती, त्यावर गाडी कुठे घासणार ते ठरतं. रॅम्पच्या पायथ्याशी नाक टेकतं, माथ्यावर पोट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी अलगद चढून उतरावी. असा गतिरोधक मिळाला तर कुठलीही स्पोर्ट्स कार तो ओलांडते. आपल्या गल्ल्यांमध्ये रातोरात उगवणारे गतिरोधक उंचीला सढळ आणि रुंदीला हातभर असतात. त्यांच्यावरून गाडी तिरकी न्यावी लागते, एका वेळी एकच चाक चढेल अशी, आणि तोवर मागचा रिक्षावाला आपल्या घराण्याचा उद्धार करत असतो. काही गाड्यांत बटण दाबलं की नाक चारेक सेंटिमीटर वर उचललं जातं. जुनी गाडी घेताना पहिल्या मालकाने ती सोय घेतली होती का, हे जरूर बघावं.

या वर्गातल्या ज्या गाड्या माझ्यासमोर येतात, त्यांत भयंकर अपघातांच्या कमीच. जास्त येतात त्या खालचा ओठ फाटलेले बंपर, लोंबणारं पोटाखालचं प्लास्टिक आणि वाकलेली रिम. रिमचं कारण साधं गणित आहे. स्विफ्टचा १८५/६५ मापाचा टायर घ्या. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर रबर आणि हवा खड्ड्याचा मार खायला उभी. २३५/३५ मापाच्या टायरमध्ये हीच उंची ८२ मिलिमीटर भरते. सिंहगड रोडवरच्या खड्ड्याला त्या दोघांतला फरक बरोबर कळतो. वर आणखी एक गोष्ट: नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काहीच मिळत नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते. बॉक्स्टरचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायचीही सोय नाही.

भाचा म्हणाला, "रॅम्प मोजतो. पण वेगाचं सांग ना."

वेगाचं काय सांगायचं? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला मर्यादा ताशी १०० किलोमीटरची, घाटात त्याहून कमी, आणि वर कॅमेरे. दोन लिटरच्या टर्बो इंजिनातून ३०० अश्वशक्ती काढणारी बॉक्स्टर दुसऱ्या गिअरमध्येच १०० ओलांडते. पुढच्या सगळ्या गिअरांना या मार्गावर कायदेशीर काम फक्त पेट्रोल वाचवण्याचं उरतं. म्हणून वेगासाठी ही गाडी घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या एका पॉर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या गाडीची कायमची नोंदणीही झाली नव्हती, १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. तेव्हापासून पुण्यात अशी गाडी सिग्नलला उभी राहिली की लोक आधी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. बघावंच. ज्यांच्या घरात वयात येणारी मुलं आहेत त्यांना मी विचारते, किल्ली कुठे ठेवणार? परवाना नसलेल्या हातात गाडी गेली तर विम्यात गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो, पण तो तर त्या प्रसंगातला सगळ्यात किरकोळ तोटा असतो.

मग या गाड्यांत आहे तरी काय? ते मला एका डॉक्टरांनी दाखवलं. साताऱ्याकडचे निवृत्त गृहस्थ, त्यांच्याकडे जुनी दोन सीटांची गाडी. गेटजवळच्या किरकोळ धडकेचा क्लेम होता. काम झाल्यावर म्हणाले, "बाई, उद्या पहाटे वाईला या." आम्ही पसरणीच्या घाटातून पाचगणीला गेलो. काटा चाळीस-पन्नासच्या वर गेला नसेल. पण बूड रस्त्याला टेकल्याइतकं खाली, इंजिनाचा आवाज मानेच्या मागून, आणि प्रत्येक वळणावर डॉक्टर मनगट वळवतात न वळवतात तोच गाडी वळलेली. उंच एसयूव्हीत वळणावर आधी अंग कलतं, मग गाडी वळते. इथे तो मधला क्षणच नव्हता. असं होतं कारण इंजिनाचं ओझं सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ असतं. ओझं टोकाला असेल तर गाडी वळायला आणि वळण संपल्यावर सरळ व्हायला वेळ घेते, मध्यावर असेल तर पटकन फिरते. बॉक्स्टरची मांडणी हीच आहे, पुढेही डिकी आणि मागेही. इंजिन मात्र मालकाला सहसा दिसत नाही. पुढचं झाकण उघडून इंजिन शोधणारे पाहुणे मी बघितलेत.

जपानच्या माझ्दा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ नावाची छोटी, उघडी गाडी आणली. १.६ लिटरचं इंजिन, ताकद साधारण आपल्या आजच्या मध्यम सेडानइतकी, वजन टनाच्या आतबाहेर. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या तेव्हाही ढिगाने होत्या. पण २०१६ पर्यंत ती दहा लाख बनली, आणि दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा विक्रम तिच्याच नावावर आहे. ती भारतात अधिकृतपणे विकायला आली नाही याची मला खरंच चुटपुट आहे, कारण आपल्या घाटांना तीच शोभली असती. हलकी गाडी चाळिसाच्या वेगातही मजा देते. चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला तो वेग म्हणजे चालणंही नव्हे, आणि ती जागी होते तेव्हा आपण कायद्याच्या फार पलीकडे गेलेलो असतो. म्हणून कुणी दोन गाड्यांत घुटमळत असेल तर मी कमी ताकदीची आणि कमी वजनाची घ्यायला सांगते. लोकांना हा सल्ला रुचत नाही.

आता पैसा. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने २९ व्या कसोटी शतकाने ब्रॅडमनशी बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली आणि सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकल शूमाकरने ती त्याच्या हाती सोपवली. ती भारतात आणायची तर सीमाशुल्क एक कोटी तेरा लाखांच्या घरात. सरकारने दिलेल्या माफीवरून गदारोळ झाला आणि शेवटी ते कंपनीने भरलं. फुकट मिळालेल्या गाडीचाही खर्च असतो तो असा. आता परदेशात पूर्ण बांधून आलेल्या महागड्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पापासून मूळ शुल्क ७० टक्के आणि वर उपकर ४० टक्के बसतो, त्या रकमेवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. मग आरटीओ. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. या कराला २० लाखांची कमाल मर्यादा होती, ती जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. ब्रिटनशी २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात मात्र ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय. नवी गाडी स्वस्त होते तेव्हा आपल्या दारातली जुनी एका रात्रीत उतरते, हे लक्षात ठेवून भाव करावा.

कर वाचवायला अनेक जण गाडी परराज्यात नोंदवतात. पुण्यात फिरणाऱ्या महागड्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचत चला, भूगोल पक्का होईल. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावीच लागते. म्हणजे आधीच्या आरटीओकडून ना हरकत पत्र, इथला कर, आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे. जुनी गाडी स्वस्त दिसली की आधी प्लेट बघा. ती स्वस्ताई तुम्हीच भरून काढणार असता.

भाच्याच्या पन्नास लाखांचा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर मांडला. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर वर्षाला साडेतीन लाख व्याज, ते गेलं. गाडी दरवर्षी उतरणार, ते वेगळं. सर्व्हिस किलोमीटरवर नव्हे, वर्षावर मोजली जाते, गाडी उभी असली तरी तेल बदलायचंच. पेट्रोलचंही बघा. आपलं साधं पेट्रोल आधी ९१ ऑक्टेनचं होतं, आता ९५ चं झालंय. टर्बो इंजिनात हवा आणि इंधन इतकं दाबलं जातं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते स्वतःहून पेटू शकतं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे तसं न पेटण्याची ताकद. अशा बऱ्याच गाड्यांना ९५ ते ९८ लागतं. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात पुण्यातही आलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. महाबळेश्वरला जाऊन यायचं तर वाटेत ते कुठल्या पंपावर मिळेल हे आधी शोधून ठेवावं लागतं.

कर्ज काढून स्पोर्ट्स कार घ्यायला माझा साफ विरोध आहे. घराचा हप्ता भरताना माणूस त्या घरात राहतो तरी. इथे महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या वस्तूचा हप्ता रोज झोपेत मोजायचा.

विम्यात लोक नेमके चुकीच्या जागी पैसे वाचवतात. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी मोटारींना सारखाच, ७,८९७ रुपये. तो काही जड नाही. खरा प्रश्न असतो आयडीव्हीचा, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार त्या रकमेचा. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे, पाचव्या वर्षी आयडीव्ही निम्म्यावर येते. त्यापुढे आयडीव्ही कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची. हप्ता कमी यावा म्हणून मालक ती खाली ओढतात. मग होतं असं: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. आयात गाडीचे दोन दिवे, दोन एअरबॅग, पुढचं सस्पेन्शन आणि रेडिएटर एवढ्यातच बिल तिथवर पोचतं. गाडी दुरुस्त होण्यासारखी असते, मालकाला हवीही असते, आणि कागदावर ती भंगार झालेली असते. अशा वेळी मालकाच्या घरी बसून त्याला हे समजावणं माझ्या वाट्याला येतं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घ्याच. नाहीतर प्लास्टिक-रबराच्या प्रत्येक भागाची निम्मी किंमत खिशातून जाते, आणि या गाड्यांच्या बाहेरच्या अंगात प्लास्टिक भरपूर असतं.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर माझा फोन थांबत नाही. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं की काय होतं? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. एसयूव्ही हवा वरून, बॉनेटच्या उंचीवरून घेते. मधल्या इंजिनाची गाडी दाराच्या मागच्या फटीतून घेते, तीही ठेंगणी. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, आणि वाट लागते ती तिथेच. साध्या पॉलिसीत याला परिणामी नुकसान म्हणतात आणि ते भरून मिळत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कवच घेतलेलं असेल तरच काही आशा, तेही त्याच्या अटी बघून. पाण्यात बंद पडली तर हात लावू नका, टो करणाऱ्याला बोलवा.

कापडी छताच्या गाडीला आणखी एक दुखणं. छताच्या कडेला पाणी वाहून न्यायला बारीक नळ्या असतात. गुलमोहराखाली उभ्या गाडीत त्या पानांच्या चुऱ्याने तुंबतात, पाणी आत उतरतं आणि सीटखाली जमतं. जुन्या बॉक्स्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा एक डबा तिथेच बसवलेला होता. वरून सगळं कोरडं दिसतं आणि गाडी लॉकच उघडत नाही. पुण्यात उंदीरही विसरू नका, उभ्या गाडीची वायरिंग त्यांना फार आवडते. म्हणूनच 'फार न चाललेली' हे शब्द जाहिरातीत वाचले की मी सावध होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी, पण रबर सात वर्षांचं आणि कडक. ओल्या घाटात ते धरत नाही.

भाच्याने रॅम्प मोजला. डॉक्टरांची गाडी आम्ही पुण्याला मागवू शकत नव्हतो, म्हणून त्याने एका मित्राची तशीच ठेंगणी गाडी आणून उतारावर घातली. पायथ्याशी कर्रर्र झालं आणि सोसायटीचे अध्यक्ष गॅलरीत आले. त्याच्या बायकोचा आक्षेप याहून साधा होता: "चौघांनी निघायचं ठरलं तर कुठली गाडी निघणार? क्रेटाच ना?" तो दोन आठवडे गप्प होता. मग त्याने जर्मन बनावटीची, पाच दारांची, जोरदार इंजिनाची एक हॅचबॅक शोधायला घेतली. अशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच येतात. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणली, तीही पहिल्या खेपेला फक्त १५०, किंमत ५३ लाखांच्या आसपास. त्याच्यासाठी माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे. मुलांना शाळेतून आणता येणारी गाडी रोज निघते, आणि रोज निघणारी गाडी सडत नाही.

पण सगळ्यांना माझं हेच उत्तर नाही. डॉक्टरांसारखं ज्यांच्याकडे छप्पर असलेली सपाट जागा आहे, रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, पैसे रोख आहेत आणि तासाभरात घाट गाठता येतो, त्यांनी साठी उलटायची वाट बघू नये. त्यांनी घ्यावीच. त्यांचा खर्च कधीच वसूल होणार नाही, तसा तो माझ्या सोन्याच्या पाटल्यांचाही झालेला नाही.

घ्यायचं ठरलं तर एक करा. अशा गाड्या बहुतेक दसरा-दिवाळीच्या सुमारास, धुऊन-पुसून बाजारात येतात. तुम्ही ऑगस्टमध्ये जा, भर पावसात. सीटखाली हात घालून गालिचा ओला आहे का बघा, टायरवरचे चार आकडे वाचा, आणि ओल्या रस्त्यावर गाडी स्वतः चालवून बघा. मालक म्हणाला, "पाऊस थांबल्यावर या," तर पुन्हा जाऊ नका.